धुळाक्षरे



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. मी विद्वान नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कंदिलाखाली आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे लहान मुलांना अक्षरओळख कशी करून द्यावी या विषयावर मी बोलणार असे कळल्यावर आपल्यापैकी काहींनी भुवया उंचावल्या असतील. कामगारांच्या पगाराचे आणि बोनसचे बोलणाऱ्या माणसाने ग, म, भ, न कशाला काढावे? त्याचे कारण आधी सांगतो, मग इतिहासाकडे वळतो.

मी सोलापूरकडे विडी कामगार स्त्रियांत तीस वर्षे काम केले. या बायका तेंदूची पाने आणि तंबाखू मोजून घरी नेतात, विड्या वळतात आणि दुसऱ्या दिवशी आणून घालतात. किती हजार विड्या दिल्या, किती खराब म्हणून बाजूला काढल्या, किती पैसे हाती पडले याची नोंद पुस्तकात होते आणि शेजारी अंगठा उठतो. माझ्या उमेदीच्या काळात एका मालकाकडे असा प्रकार उघडकीस आला की पुस्तकात लिहिलेली मजुरी एक आणि हातात दिलेली मजुरी दुसरी. आम्ही तक्रार केली. साहेबांनी पुस्तक पुढे ठेवले आणि विचारले, "हा अंगठा तुमचाच ना?" अंगठा खरोखरच तिचाच होता. कागद खोटा होता, पण त्याखालची खूण खरी होती. त्या दिवशी आम्ही हरलो. मग मी ठरवले की मागणीपत्रकाच्या बरोबरीने अक्षराचेही काम हाती घ्यायचे.

त्या वर्गात आम्हांला जे शिकायला मिळाले त्याने मला इतिहासाच्या वाटेला लावले. त्या वर्गाकडे मी शेवटी येईन. आज मला एवढेच मांडायचे आहे की अक्षर डोळ्याने आणि कानाने शिकता येते, परंतु ते पक्के होते हाताने. ही गोष्ट श्रीमंतांच्या शाळांत सापडलेली नाही. ज्यांच्यापाशी कागद नव्हता, पाटी नव्हती, पैसा नव्हता, त्यांना ती पुन्हा पुन्हा सापडली. आणि प्रत्येक वेळी ती सापडल्यावर प्रश्न उभा राहिला तो एकच, की या हातांत अक्षर द्यायचे की नाही.

आपल्या भाषेत 'धुळाक्षर' असा एक जुना शब्द आहे. आता तो ऐकू येत नाही. गुळगुळीत फळीवर बारीक धूळ किंवा विटेची भुकटी पसरायची, तीवर काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचे, फळी हलवली की अक्षर पुसले जायचे. हीच धूळपाटी. पंतोजींच्या शाळेत मुलाचा ओनामा तिच्यावर व्हायचा. कागद महाग, शाई घोटावी लागे, बोरू तासावा लागे. नवशिक्याच्या हाती हे सारे देणे म्हणजे नासाडी. धुळीला मात्र मोल नव्हते, आणि तिच्यावर शंभर वेळा चुकले तरी कोणाचे काही जात नव्हते. लहानांच्या शिक्षणाचे हे दृश्य आपल्या लोकांच्या मनात इतके रुजलेले होते की संत जगात कसे वागून दाखवतात हे सांगताना तुकोबांनी दृष्टांत घेतला तो लहान मुलासाठी स्वतः पाटी घेऊन बसणाऱ्या पंतोजींचा.

बाहेरून आलेल्या माणसांच्या नजरेत ही पद्धत लगेच भरे. अकराव्या शतकात अल्बेरुनीने येथील मुले काळ्या फळ्यांवर पांढऱ्याने लिहितात अशी नोंद करून ठेवली. १६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी होन्नावरहून घाट चढून इक्केरीकडे चालला होता. वाटेत एका देवळाच्या पडवीत त्याने चार मुले पाहिली. ती अंकगणित शिकत होती. एक मुलगा सुरात आकडा म्हणे आणि म्हणतानाच जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूत तो बोटाने काढी. बाकीचे तिघे तसेच म्हणत आणि तसेच काढीत. जागा भरली की वाळू सारखी करून पुन्हा सुरुवात. गुरुजी जवळ नव्हते. अडल्यास कोण सांगते, असे त्याने विचारले. चौघांनाही एकाच वेळी एकच अडचण येईल असे होत नाही, असे उत्तर त्याला मिळाले. त्याला हे मोठे नवल वाटले आणि त्याने ते सविस्तर लिहून ठेवले.

या एका प्रसंगात तीन गोष्टी एकत्र आहेत, त्या ध्यानात ठेवाव्यात. तोंडाने उच्चार, बोटाने आकार, आणि एकाने दुसऱ्याला शिकवणे. पुढची तीनशे वर्षे जगभर याच तीन गोष्टी वेगवेगळ्या नावांनी फिरताना दिसतात.

बंगाल आणि बिहारमधील गावशाळांची पाहणी विल्यम ॲडम याने १८३५ ते १८३८ या काळात केली. तेथेही आरंभ जमिनीवर नाहीतर वाळूच्या पाटीवर. हा टप्पा फार तर दहा दिवसांचा. त्यानंतर गुरुजी लोखंडी अणकुचीने ताडपत्रावर अक्षर कोरून देत आणि मुलाने बोरूने त्याच खाचेवरून कोळशाची शाई फिरवायची. ती सहज पुसली जाई. हात वळला की कोऱ्या ताडपत्रावर, मग केळीच्या पानावर, आणि सर्वांत शेवटी कागदावर. म्हणजे आधी वाट आखून द्यायची, नंतर वाट काढून घ्यायची. यातला क्रम नजरेआड करू नये. त्याचे महत्त्व पुढे कळेल.

परंतु हे सारे सांगताना अभिमानाच्या भरात एक गोष्ट लपवणे बरे नव्हे. धूळ फुकट होती, ओटा फुकट नव्हता. ज्या पडवीत धूळपाटी मांडली जाई तिच्या पायरीवर कोणी चढायचे हे जातीने ठरलेले होते. मुलींना तेथे वाव नव्हता, आणि गावकुसाबाहेरच्या मुलांना तर त्या अंगणातही थारा नव्हता. म्हणून १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, आणि १८५५ साली काम करणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा आपल्या घरात चालवली. साधन स्वस्त असणे पुरेसे नाही, दार उघडे असावे लागते. हा या इतिहासातला पहिला धडा.

आता धूळपाटीच्या परदेशगमनाची हकीकत. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश धर्मोपदेशक १७८७ साली मद्रासेस आला. १७८९ मध्ये त्याच्याकडे एग्मोर येथील लष्करी अनाथाश्रमाची देखरेख आली. कंपनीच्या गोऱ्या शिपायांची, बहुतेक देशी आयांच्या पोटी जन्मलेली मुले तेथे असत. एके सकाळी घोड्यावरून जाताना त्याला एक 'मलबारी' शाळा दिसली. त्या काळचे मद्रासचे इंग्रज तमिळ लोकांनाच मलबारी म्हणत. तेथे मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढीत होती. बेल परत आला आणि त्याने आपल्या शाळेतील सर्वांत खालच्या वर्गाला वाळूत लिहावयास लावण्याचा हुकूम दिला. पगारी उपशिक्षकांना ही रीत पटेना. असे काही होणे नाही, असे ते म्हणू लागले. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्केन नावाच्या, साध्या शिपायाच्या आठ वर्षांच्या मुलाला बोलावले आणि लहानग्यांचा वर्ग त्याच्या हवाली केला. मोठ्यांना जे अशक्य वाटले ते त्या मुलाने करून दाखवले.

बेलने १७९७ साली लंडनमध्ये या प्रयोगाची हकीकत छापली आणि तिचे नाव 'मद्रास पद्धत' असे पडले. १७९८ मध्ये लंडनच्या बरो रोडवर जोसेफ लँकेस्टर या विशीतल्या तरुणाने गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. त्यानेही नवशिक्यांसाठी वाळूचे मेज बनवले. काठ असलेल्या लांब मेजाचा पृष्ठभाग काळा आणि त्यावर कोरडी पांढरी वाळू. बोटाने ओढले की काळी रेघ उमटे, आणि लाकडी इस्त्रीसारखी वस्तू फिरवली की मेज पुन्हा कोरे. लँकेस्टरने आणखी एक शहाणपण केले. वर्णमालेचा ठरलेला क्रम सोडून त्याने अक्षरांचे आकारावरून गट पाडले. सरळ रेघांची अक्षरे आधी, कोनांची नंतर, आणि वळणांची शेवटी. हाताला जे सोपे ते आधी, हा त्यातला विचार. आपल्याकडे 'अ' आणि 'आ' पासून सुरुवात न करता ग, म, भ, न पासून करतात त्यामागचा हिशेब हाच आहे.

यातून अक्षर स्वस्त झाले आणि हजारो गरीब मुलांपर्यंत पोहोचले, हे मान्य केलेच पाहिजे. पण मी युनियनचा माणूस आहे, माझी नजर दुसरीकडेही जाते. एका मास्तराखाली शेकडो मुले, दर दहाबारा मुलांवर एक मॉनिटर, प्रत्येक हालचालीला हुकूम, हुकमाला घंटा. हा त्या काळच्या गिरणीचाच नकाशा आहे. मॉनिटर म्हणजे मुकादम. देवळाच्या पडवीतली ती चार मुले एकमेकांना शिकवीत होती. येथे एक मुलगा दुसऱ्यावर नेमलेला होता. बोट तेच, वाळू तीच, पण आपसांतल्या मदतीची जागा देखरेखीने घेतली. बेल तर उघडच म्हणे की गरिबांच्या मुलांना फार शिकवण्याची गरज नाही. त्यांना वाचता आले, आज्ञा पाळता आली, की झाले.

मग ही पद्धत बोटीत बसून परत आली. १८२२ साली मुंबईत शाळा आणि शाळेची पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्यासारख्या माणसांनी तिच्यासाठी मराठी पुस्तके सिद्ध केली. या मंडळीने आपल्या शाळांसाठी लँकेस्टरची पद्धत उचलून धरली. आपल्याच पडवीतून गेलेली वस्तू साहेबाची टोपी घालून दारात उभी राहिली आणि सुधारणा म्हणून आपण तिचे स्वागत केले! असे आपल्याकडे पुष्कळदा होते. पुढे दगडी पाट्या स्वस्त झाल्या, छापील पुस्तके आली, परीक्षा आल्या, इन्स्पेक्टर आले. धूळ मागे पडली आणि तिच्याबरोबर बोटही मागे पडले. तक्त्यावरच्या अक्षरावर छडी ठेवायची आणि वर्गाने एका सुरात ओरडायचे, एवढेच राहिले. ओरडणाऱ्या पन्नास मुलांपैकी किती जण तक्त्याकडे पाहत होती, हे छडीला कोठून कळणार?

हे चालू असतानाच मुलांची बोटे दुसरीकडे कामी येत होती. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात मज्जाव केला, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम रोज नऊ तासांवर आणले. ही सुधारणा होती, यावरून आधीची स्थिती ओळखावी. मुंबईच्या गिरण्यांत सात वर्षांची बोटे तुटलेले सूत चटकन जोडीत. ज्या बोटांना चालत्या यंत्रावर धागा सांधता येतो त्यांना 'क' ला काना जोडता येणार नाही असे कोण म्हणेल? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कमिशनपुढे पाठवला, आणि १९११ नंतर ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रीच्या शाळा चालवल्या. सही आणि संघटना या दोन गोष्टी आपल्या चळवळीत पहिल्यापासून हातात हात घालून आलेल्या आहेत.

बोटाला त्याचा मान परत मिळाला तो युरोपात, आणि तोही 'मंद' म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांमुळे. १८०० च्या सुमारास पॅरिसमध्ये इतार नावाचा डॉक्टर रानात सापडलेल्या, न बोलणाऱ्या एका मुलाला शिकवीत होता. त्याने सुटी अक्षरे त्याच्या हातात दिली आणि तो मुलगा दूध हवे असले की ती अक्षरे जुळवून 'दूध' हा शब्द मांडू लागला. इतारचा शिष्य सेगँ याने हे काम वाढवले. या दोघांची पुस्तके रोमच्या मारिया माँटेसरी या डॉक्टरीणबाईंनी इतक्या आस्थेने अभ्यासली की त्यांचे भाषांतर स्वतःच्या हाताने उतरून काढले. १९०० च्या सुमारास मतिमंद मुलांसाठी त्यांनी लाकडाची सुंदर अक्षरे घडवून घेतली. मुले त्यांवरून बोट फिरवीत. ती मुले चांगले लिहू-वाचू लागली, तेव्हा बाईंना प्रश्न पडला तो धड मुलांविषयी. ती इतकी मागे का?

१९०७ च्या जानेवारीत रोमच्या सान लोरेन्झो या कामगार वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. हे बालगृह का निघाले हे ऐकण्यासारखे आहे. आईबाप दिवसभर कामावर, पोरे चाळीत मोकाट, भिंती खरडून ठेवीत. चाळीच्या मालक कंपनीला भिंतींची काळजी पडली आणि तिने एक खोली काढून दिली. पन्नासेक मुले जमली. इतक्या लहान वयात लिहिणे-वाचणे शिकवावे असे माँटेसरीबाईंच्या मनात नव्हते. पण त्या वस्तीतल्या काही आया त्यांच्याकडे आल्या आणि आमच्या मुलांना शिकवा म्हणून त्यांनी गळ घातली. त्या स्वतः निरक्षर होत्या. या आयांची नावे इतिहासात नाहीत. माझ्या मते ती असायला हवी होती.

लाकडी अक्षरे नव्याने करून घ्यायला पैसे नव्हते आणि कारागीरही मिळेना. तेव्हा बाईंनी खरकागद कापून अक्षरे केली आणि गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवली. मुलाने दोन बोटे अक्षरावरून लिहिण्याच्या दिशेने फिरवायची आणि त्याच वेळी त्याचा उच्चार करायचा. बोट वाटेवर असेल तर खरखरीत लागते, वाट चुकले तर गुळगुळीत. म्हणजे चूक सांगायला मास्तर नको, बोटच सांगते. ही कागदी अक्षरे आपल्या जुन्या महागड्या अक्षरांपेक्षा कितीतरी सरस आहेत असे बाईंनी नंतर स्वतःच कबूल केले. गरज पडली म्हणून केले आणि अधिक चांगले निघाले. याशिवाय पुठ्ठ्याची सुटी अक्षरे खणांच्या पेटीत ठेवली. त्यांतून मुले शब्द जुळवू लागली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात एके दिवशी मुले गच्चीवर होती. बाईंनी एका मुलाला धुराडे काढून दाखव म्हणून खडू दिला. पाच वर्षांचे ते पोर. त्याने धुराडे काढले, आणि बाईंनी शाबासकी देताच ते एकदम ओरडले, "मला लिहिता येते!" आणि जमिनीवर त्याने शब्द लिहिला 'मानो'. इटालियन भाषेत मानो म्हणजे हात. कोणीही सांगितले नव्हते. आयुष्यातला पहिला शब्द त्या कामगाराच्या पोराने लिहिला तो 'हात'.

हा विचार आपल्याकडे आला तो गुजरातेतून. १९२० साली भावनगरला वकिली सोडलेल्या गिजुभाई बधेकांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. तेथे आपल्या ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३९ साली स्वतः माँटेसरीबाई अड्यारला आल्या. युद्धामुळे त्या येथेच अडकल्या आणि १९४६ पर्यंत त्यांनी शेकडो शिक्षकांना तयार केले. मात्र एक विपरीत घडत होते. कामगार वस्तीत खरकागदावर जन्मलेली पद्धत आमच्या शहरांत पॉलिश केलेल्या सागवानी पेट्यांत बंद झाली आणि फी भरणाऱ्यांच्या मुलांची झाली. 'माँटेसरी' हा शब्द ऐकला की आजही आपल्या डोळ्यांपुढे गाडीतून उतरणारी मुले येतात.

ताराबाईंना हे खुपले. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि त्यांच्याबरोबर होत्या अनुताई वाघ. लहानपणी लग्न झाले आणि लगोलग वैधव्य आले, अशा घरातून शिकून वर आलेल्या बाई. त्याच वर्षी त्याच पट्ट्यात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. एकीकडे हात मोकळे करण्याची लढाई आणि दुसरीकडे त्या हातांत अक्षर देण्याची खटपट. दोन्हींची मंडळी वेगळी, मार्ग वेगळे, पण मला ती एकाच कामाची दोन टोके वाटतात. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई बालवाडी घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या, आणि 'अंगणवाडी' जन्माला आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर साहित्य झाले ते शिंपले, बिया, पाने, खडे, काड्या. सागवानी पेटीची गरज उरली नाही. चिंचोक्यांनी 'ग' मांडता येतो, ओल्या मातीची वळी करून 'र' वळवता येतो. धूळपाटी दीडशे वर्षे जग हिंडून पुन्हा अंगणात आली, आणि या वेळी अंगण सर्वांचे होते. १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द साऱ्या भारताचा झाला.

आता वचन दिल्याप्रमाणे आमच्या वर्गाकडे. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन निघाले होते आणि त्यानंतरच्या लाटेत आम्हीही रात्रीचा वर्ग काढला. बायका बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या, पुस्तक मात्र मराठीत. मी तक्ता टांगला, पेन्सिली वाटल्या. महिनाभरात निम्मा वर्ग गळाला. दिवसाला शेकडो विड्या बिनचूक वळणारी बोटे पेन्सिल धरताना थरथरत. एक अक्का पन्नाशीच्या होत्या. त्यांना 'म' आणि 'भ' काही केल्या वेगळे ओळखता येईनात. शेवटी कंटाळून त्यांनी पेन्सिल ठेवली आणि मांडीवर सूप ओढले. सुपात तंबाखूची भुकटी होती. माझ्या मनात काय आले कोण जाणे, मी म्हणालो, "अक्का, त्यातच काढा." त्यांनी बोट टेकवले. 'म' काढला, त्याखाली 'भ' काढला, पुसला, पुन्हा काढला. मग मान वर करून म्हणाल्या, "अण्णा, 'म' ची विडी तोंड मिटलेली हाय, 'भ' ची उघडी ऱ्हायली." शिरोरेघ 'म' वर पुरती बसते आणि 'भ' वर तुटते, हे मी तक्त्यावर दहा वेळा सांगितले होते. ते त्यांच्या बोटाने त्यांना एका क्षणात सांगितले.

त्यानंतर आम्ही पेन्सिली उचलून ठेवल्या. पाने कातरून उरलेल्या तुकड्यांतून कात्रीने अक्षरे कापली. विडी बांधायच्या दोऱ्याने जमिनीवर अक्षरे मांडली. डोळे मिटून अक्षर चाचपायचे आणि नाव सांगायचे, असा खेळ काढला. त्यात हसण्याचाच गोंगाट जास्त. घ आणि ध, थ आणि य, ब आणि व या फसव्या जोड्या मुद्दाम शेजारी ठेवल्या. सुरुवात कोणत्याही वर्णमालेने न करता प्रत्येकीच्या नावातल्या अक्षरांनी केली. मला तेव्हा बेलही ठाऊक नव्हता आणि माँटेसरीही. पुढे वाचनालयात त्यांची गाठ पडली तेव्हा हसू आले. आम्ही काही नवे शोधले नव्हते. गरजेने पुन्हा एकदा तेच शोधून काढले होते.

शास्त्रज्ञांनी आता हे तपासून पाहिले आहे. २००५ साली फ्रान्समधील संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एकाने अक्षरे हाताने लिहिली, दुसऱ्याने यंत्राच्या कळा दाबून उमटवली. मोठ्या वयाच्या मुलांत हाताने लिहिणाऱ्यांना अक्षरे अधिक चांगली ओळखता आली. २०१२ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स यांनी अद्याप वाचू न लागलेल्या पाच वर्षांच्या मुलांच्या मेंदूचे चित्रण केले. जी अक्षरे मुलांनी स्वतः हाताने काढली होती ती पाहताना मेंदूचे वाचनाच्या कामाचे भाग जागे झाले. कळा दाबलेल्या अक्षरांनी तसे झाले नाही, आणि आखलेल्या रेघेवरून नुसत्या गिरवलेल्या अक्षरांनीही झाले नाही.

या शेवटच्या वाक्याकडे मी आपले लक्ष वेधतो, कारण पालक आणि शिक्षक येथेच चुकतात. मुलाला ठिपक्यांचे पुस्तक आणून देतात आणि दिवसभर गिरवून घेतात. गिरवणे वाट दाखवते, यात संशय नाही. पण स्वतः काढलेले अक्षर वाकडे असते, कधी मोठे, कधी आडवे, दर वेळी निराळे. आणि इतक्या निराळ्या रूपांतून तेच अक्षर ओळखण्यातच अक्षराची खरी ओळख असते. जुन्या गुरुजींनी आधी कोरून दिले आणि मग कोरे पान दिले, त्या क्रमाचा अर्थ हा आहे. हात धरावा, पण वेळेवर सोडावा. संघटनेतही आम्हांला हेच शिकावे लागले. जो पुढारी कामगारांचा हात कधीच सोडत नाही त्याच्या युनियनमध्ये त्याच्या पश्चात कोणी उभे राहत नाही.

अखेर एका गोष्टीचा उल्लेख करून थांबतो. आज महाराष्ट्रातल्या गरिबाच्या मुलाचे बोट पहिल्या अक्षरावर कोण ठेवते? अंगणवाडीतली बाई. तिला आपण सेविका म्हणतो आणि तिच्या पगाराला मानधन म्हणतो, म्हणजे पगार मागायला नको. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, आणि २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविकांना संप करून रस्त्यावर यावे लागले. अनेकांनी तेव्हा मला विचारले, या बायका करतात तरी काय, पोरांना खाऊ घालतात आणि खेळवतात ना? त्या 'खेळवण्या'चा इतिहास आपण आज ऐकला. मातीत बोट फिरवायला लावणे हा पोरखेळ नाही. कागदावरचा खोटा आकडा ओळखण्याची सुरुवात तेथे होते.

त्या अक्कांनी पुढे आपल्या पुस्तकावर सही केली. सहीला बराच वेळ लागला, मागे रांग खोळंबली, कारकून चिडला. त्यांनी तिकडे पाहिले नाही. सही झाल्यावर त्यांनी वरचा आकडा बोट ठेवून वाचला, आणि मगच पुस्तक परत दिले.